तारेने बांधलेला ब्रेक

ट्रक घेतला तेव्हाच ठरलं होतं, चालवायचा नवऱ्याने आणि पैसे सांभाळायचे मी. मी बचत गटाची सचिव. दहा-दहा रुपयांवरून बायकांची जुंपलेली भांडणं मिटवत आले होते, त्यामुळे पैशाच्या बाबतीत माझा कोणावर विश्वास नव्हता आणि नवऱ्यावर तर मुळीच नव्हता. तो लबाड नाही, उलट भोळा आहे. गॅरेजवाल्याने इंजिनात उंदीर शिरला म्हटलं तरी उंदराचे पैसे देऊन येईल. म्हणून मी नियम केला: बिघडलेला पार्ट अंगणात आणून दाखवायचा, मगच नव्याचे पैसे मिळतील. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.

नियम मला फार आवडला. आरमोरीतल्या आमच्या अंगणात हळूहळू लोखंडाचा ढीग झाला. जळकी क्लच प्लेट, पाण्याचा पंप, सेल्फ स्टार्टर, मोडलेल्या कमानपाट्याचे तुकडे. कोंबड्या त्यावर चढून बसायच्या. शेजारीण म्हणायची, "अर्धा टरक तं तुमच्या आंगनातच हाये, बाकीचा चालते कसा?" मी हसायची. बाकीच्या ट्रकवाल्यांच्या गाड्यांना लिंबू-मिरची टांगलेली असते. आमच्या बौद्ध घरात ते चालत नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नव्हती. माझा हिशोब पक्का होता, तेवढं पुरे होतं.

आमचं मुख्य काम कोरचीकडच्या खरेदी केंद्रांवरून धान उचलून खाली मिलवर आणायचं. भाडं मिळायचं, पण कधी मिळेल ते कोणी सांगत नसे. मिलवाला म्हणायचा वरून बिल निघालं नाही, आणि वर विचारायला गेलं तर साहेब दौऱ्यावर. डिझेलवाला मात्र रोख मागायचा, टायरवालाही रोख, आणि फायनान्सचा हप्ता तारखेला म्हणजे तारखेलाच. त्या वर्षी दोन हप्ते थकले. फोन यायला लागले. फोनवरचा पोरगा आधी ताई म्हणायचा, मग मॅडम म्हणायला लागला, मग नुसतंच "गाडी कुठं आहे?" विचारायला लागला.

त्याच सुमाराला एक चांगली गोष्ट घडत होती, निदान मला ती चांगली वाटत होती. डिझेल कमी लागायला लागलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आजकाल हळू चालवून राह्यलो." मी खूश झाले. बचत गटाच्या बैठकीत बायकांना सांगितलंसुद्धा, की माझ्या धाकाने माणूस सुधारला.

होळीच्या आधी भंगारवाला आला. ढीग उपसला, काट्यावर चढवला, मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "वयनी, डरम नाई का?"

"कोणते डरम?"

"बिरेकचे. टरकवाल्याच्या घरी डरमच जास्त निंगतेत. वजनदार रायते, भाव चांगला भेटते."

तो पैसे देऊन निघून गेला आणि मी रिकाम्या अंगणात उभी राहिले. ड्रम नव्हते. ड्रमच काय, ब्रेकचं लायनर, रबर, काहीही या अंगणात कधी आलं नव्हतं. गाडी पुढे नेणारी प्रत्येक वस्तू माझ्यासमोरून गेली होती. गाडी थांबवणारी एकही नाही. इतक्या दिवसांत ब्रेकचं काहीच बिघडलं नाही, असं कसं होईल? दुपारभर माझं कशात मन लागलं नाही. भाकरी करपली.

नवरा घरी आल्यावर विचारलं. "बिरेक मस्त हायेत," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. तो खोटं बोलतो तेव्हा पाय फार वेळ धुतो.

पुढच्या फेरीला मी गाडीत जाऊन बसले. कोरचीला माझी बहीण दिली आहे, तिला भेटायचं निमित्त केलं. क्लीनर परवडत नव्हता, त्याची जागा रिकामीच होती. जाताना गाडी रिकामी, रस्ता चढाचा. मोह गळायचे दिवस होते, रानभर तो गोड, जड वास. नवरा नेहमीसारखा गप्पा मारत नव्हता. कुरखेडा येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याने वेग कमी करत आणला. ब्रेक दाबून नाही, गिअर एकेक खाली उतरवत. तेव्हा मला कळलं की डिझेल का वाचत होतं.

केंद्रावर हमाल पोती चढवत होते. मी वाकून गाडीखाली पाहिलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण सगळं चिखलाने माखलेलं असताना दोन ठिकाणी तार चकाकत होती. मागच्या चाकांकडे जाणारे दोन पाइप मोडून, दुमडून, तारेने आवळून बांधले होते.

"हे काय हाये?"

नवऱ्याने खालच्या आवाजात सांगितलं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. एका चाकाचं रबर फाटलं की हवा गळते आणि सगळेच ब्रेक ढिले होतात. मग त्या चाकाचा पाइप बांधून टाकायचा, हवा वाचते, बाकीची चाकं गाडी थांबवतात. सगळेच करतात, म्हणाला. एक बांधला तेव्हा पुढच्या फेरीच्या भाड्यात करू म्हणून बांधला. मग दुसरा बांधला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय करतो? पार्ट दाखवा म्हनतं तू. रबर हातभर बी नाई, ते दाखवलो असतो तं म्हनलं असतं, एवढ्याशासाठी एवढे पैसे? अन् ते खोललं का डरम बी गेलेले दिसतेत, लायनर बी. गाडी चार दिवस उभी रायते. हप्ता कुठून भरतो मंग?"

मी म्हटलं पोती उतरवा. तो हमालांकडे बघून हसला, ते हसू मला अजिबात आवडलं नाही. हमाली दिलेली होती, दुसरी गाडी कोण पाठवणार होतं? आणि भरलेली असो की रिकामी, गाडी घाटातून उतरवावीच लागणार होती.

आम्ही घाटाला लागलो तेव्हा चांगला उजेड होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन रडत होतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली सागाचे शेंडे. नवरा ब्रेकवर पाय ठेवायचा, लगेच उचलायचा, समोरच्या मीटरवर हवेच्या दाबाचा काटा बघायचा. मी पण काटाच बघत होते. तो खाली येत होता. मी कोणत्याच देवाचं नाव घेत नाही, त्या दिवशी कोणाचं घ्यावं ते सुचलंही नाही.

शेवटच्या वळणाच्या पुढे रस्त्यातच गोंडांच्या चार बायका टोपल्या ठेवून बसल्या होत्या. गोळा केलेला मोह निवडत होत्या. नवऱ्याने हॉर्नवर हात दाबला तो काढलाच नाही. त्यांना वाटलं असेल, गाडी लांब आहे, हळू आहे, थांबेल. थांबेल असंच कोणालाही वाटलं असतं. मग एकीने दुसरीला ओढलं, सगळ्या बाजूला पडल्या. टोपल्या राहिल्या. टोपल्या चाकाखाली गेल्याचा आवाजही आला नाही. मी मागे वळून पाहिलं. एक म्हातारी रस्त्यावर उभी राहून आमच्याकडे बघत होती. आम्हाला थांबून माफी मागायची होती. थांबता आलं नाही.

सपाटीला लागल्यावर गाडी आपोआप थांबली. नवऱ्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मी रडले, मग त्याला खूप बोलले, मग पुन्हा रडले. त्याच दिवशी मिलवर धान उतरवून गाडी सरळ गॅरेजला नेली. माझ्या पिशवीत हप्त्याचे पैसे होते, आधीचे दोन थकलेले असताना हा तिसरा. ते मी मिस्त्रीच्या हातात दिले. म्हटलं, सगळी चाकं खोला, जे गेलं असेल ते नवं टाका. काहीही दाखवू नका. मिस्त्री म्हणाला, "वयनी, एवढा खर्च एका टायमाले कोनी करत नाई."

चार दिवस गाडी उभी राहिली. पाचव्या दिवशी नवऱ्याने मला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन दाखवलं. पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी. लहान पोरासारखा हसला तो. मीही हसले.

तो महिना संपायच्या आत फायनान्सची माणसं आली. वडशाच्या रस्त्यावर गाडी अडवली, चावी मागितली. नवऱ्याने भांडण केलं नाही. बसने घरी आला, जेवला, आणि म्हणाला, "गाडी नेली."

आता तो दुसऱ्याच्या ट्रकवर आहे, पगारी. खाणीचा माल, आलापल्लीकडचा रस्ता, रानात फोन लागत नाही. मालक चंद्रपूरला राहतो, मी त्याला पाहिलेलं नाही. पहिल्या पगाराला नवरा घरी आला तेव्हा मी पाणी द्यायच्याही आधी विचारलं, त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत.

"मस्त हायेत," तो म्हणाला, आणि पाय धुवायला गेला.

मी दारात उभी होते. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.