बत्ह्यातले जनरलसाहेब

रियाधमध्ये बारा महिने छत्री घेऊन फिरणारा मी एकच माणूस पाहिला. ज्या बत्ह्याच्या बाजारात आकाशात ढग दिसला तरी लोक एकमेकांना बोटानं दाखवतात, तिथे हा पंचाहत्तरीचा चिनी मुसलमान म्हातारा काळी छत्री काखेत मारून भाजी आणायला निघायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "फौज का आदत है." आम्ही कोकणी मंडळींनी त्याला तिथल्या तिथे जनरल करून टाकलं आणि वयाचा मान म्हणून पुढे साहेब जोडलं.

हे जनरलसाहेब तरुणपणी हजला आले आणि इथेच राहिले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची खानावळ होती. कणकेचा गोळा दोन हातांत धरून ते असे झोके देत ताणायचे की बघता बघता त्याच्या शेकडो शेवया व्हायच्या. त्या मटणाच्या रश्श्यात पडल्या की हर्णैचा माणूससुद्धा माशाची आठवण काढत नसे. हिंदी ते गिऱ्हाइकांकडून शिकले होते, त्यामुळे तिच्यात शिव्या भरपूर आणि व्याकरण बेताचं होतं.

जेवण झालं की लढाई सुरू व्हायची. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखात दोन सरदारांच्या फौजा एका नदीकाठच्या गावासाठी भिडल्या होत्या. दोघा सरदारांचं आडनाव एक, सैनिकांचे गणवेशही एकसारखे. आपला कोण आणि परका कोण, हे दंडाला बांधलेल्या फडक्यावरूनच कळायचं. जनरलसाहेब टेबलावर लिंबाच्या फोडी मांडत, ती त्यांची फौज. मिरच्या म्हणजे शत्रू. प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर बंदूक, छत्री आणि चहाची किटली. पाऊस आला की दोन्ही बाजूंनी छत्र्या उघडायच्या आणि लढाई थांबायची. "भीग के कौन मरेगा?" असं ते आम्हांलाच विचारायचे.

लढाई रोज तीच आणि शेवट रोज वेगळा. माझी बायको सलमा ही एकटीच त्यांना पकडायची. "चाचा, परसों पूल आपने तोडा था, आज दुश्मन ने तोडा?" जनरलसाहेब जराही न डगमगता सांगत, "पूल दो था, बेटी." मग सगळी खानावळ हसायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच.

एक्याण्णवच्या जानेवारीत आमच्या डोक्यावर खरी लढाई सुरू झाली. संध्याकाळी सायरन वाजायचा आणि रियाधवर स्कड क्षेपणास्त्रं यायची. आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या मारल्या, विषारी वायूच्या भीतीनं एका खोलीला प्लॅस्टिक लावलं. खानावळीचं तोंड काचेचं, म्हणून सायरन झाला की जनरलसाहेब लिंबं-मिरच्या खिशात घालून तीन जिने चढून आमच्याकडे येत. सलमाला सातवा महिना होता आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. तिच्या उशाशीच मोर्चे लागत. बाहेर धडाड आवाज झाला की म्हातारा मिरच्यांवर ओरडायचा, "नालायक! निशाना भी नहीं आता!" सलमा पोट धरून हसायची. मला मात्र हसू येत नसे.

मला मरणाची भीती वाटत होती. तेव्हा हे कबूल करायची लाज वाटे, आता वाटत नाही. अशात कंपनीची शेवटची गाडी स्कडच्या टप्प्याबाहेरच्या जेद्दाला निघाली. सलमाला नऊशे-हजार किलोमीटरचा प्रवास शक्यच नव्हता. मी तिला म्हटलं, "मी पुढे जातो, खोली बघतो, काहीतरी सोय करतो आणि येतो." ती एवढंच म्हणाली, "जा." तिच्यासाठी शेजारच्या केरळी नर्सबाईंना सांगून मी बॅग उचलली.

खाली जनरलसाहेबांनी हाताला धरून बसवलं. समोर वाडगा ठेवला, पण लिंबं-मिरच्या काढल्या नाहीत. म्हणाले, मी काही जनरल नव्हतो रे, बंदूकसुद्धा नव्हती माझ्याकडे. फौजेची जेवणाची कढई बांबूला टांगून दोघं जण वाहायचे. पुढे सोबती, मागे मी. त्या दिवशी दोन्ही फौजा एकमेकींना घाबरून पळत होत्या. सोबत्याच्या पायाला गोळी लागली. "हम बोला, तुम इधर बैठो, हम पानी लेके आता." ते माझ्याकडे न बघता वाडग्याकडे बघत होते. "साठ साल हो गया. हम अभी तक पानी लाने गया है."

बाहेर ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत हॉर्न वाजवत होता. मी वाडगा संपवला, बाहेर गेलो आणि त्याला हातानंच जा म्हटलं.

आमची मुलगी युद्ध संपल्यावर झाली. जनरलसाहेबांनी तिच्या कानाशी वाकून लढाईचा एक ताजा शेवट सांगितला. त्यात ते जिंकले होते. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे तैफला घेऊन गेला. बसमध्ये चढताना त्यांनी आमच्या तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला उगाच दोन शिव्या दिल्या. दोन वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला.

त्या दिवशी स्वयंपाकघरात सलमा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मी स्टुलावर बसून रडत होतो. रडता रडता मी तिला सांगून टाकलं, की त्या गाडीनं मी गेलो असतो तर बहुतेक परत आलो नसतो.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "बॅगेत तुम्ही शाळेचे दाखले भरले होतेत. खोली बघायला जाणारा माणूस दाखले नेतो होय? त्या दिवशी सकाळी चाचा सूप घेऊन आले, तेव्हा मीच त्यांना सांगितलं, ह्यांना जेवायला बसवा आणि काहीही करून थांबवा."

मी डोळे पुसले. "मग ती पाण्याची गोष्ट? ती खरी होती की माझ्यासाठी रचली?"

"मी कधी विचारलं नाही," सलमा म्हणाली. "थांबलात ना तुम्ही?"