खराट्याची काडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी टॉर्चकाकांचं नाव घेईन. त्यांचं खरं नाव इलायजा. पण कॅनडातल्या विंडसरमधली आम्ही मराठी मुलं त्यांना टॉर्चकाकाच म्हणायचो, कारण भर दुपारीसुद्धा त्यांच्या शर्टाच्या खिशात टॉर्च असायचा. कोणाच्याही घरी गेले की नमस्कार, चहा वगैरे सगळं नंतर. आधी भिंतीला तळहात लावायचा, मग सिंकखालचं कपाट उघडून आत प्रकाश टाकायचा. घरातली बाई "अहो काका, तिथे पसारा आहे" म्हणेपर्यंत त्यांचं डोकं आत गेलेलं असे.

काका अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातले. इथल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म यंत्रं दुरुस्त केली होती. मराठी मात्र आमच्यापेक्षा स्वच्छ. आमच्यातला कोणी "ड्राइव्ह-वे शोव्हल केला" म्हणाला की ते विचारत, "का रे, तुमच्या गावाला फावडी नव्हती?" काकू गेल्यापासून शुक्रवारी सूर्य बुडण्याआधीचे शब्बाथचे दिवे ते स्वतः लावत. दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नेम. "सहा दिवस यंत्रांचे," म्हणायचे, "सातवा माझ्या म्हातारीचा."

मी शिकायला आलो तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आई आमच्या गावच्या शाळेत शिपाई होती. वर्ग झाडणं, ओसरी धुणं हे तिचं काम. कॉलेजात कोणी इंग्रजीत प्रश्न विचारला की मी वहीत डोकं घालायचो. एकामागून एक मुलाखती वाया चालल्या होत्या. काका मला पहिल्या दिवसापासून "इंजिनियर" म्हणत, त्यात निम्मी थट्टा असे. एकदा म्हणाले, "इंजिनियर, समज घरात कुठेतरी पाणी गळतंय. काय करशील?" मी पुस्तकातली दहा कारणं सांगितली. ते म्हणाले, "कारणं नंतर. आधी म्हण, मला माहीत नाही. मग घरातलं सगळं बंद कर आणि तरीही काय हलतंय ते बघ."

पुढच्या मुलाखतीत मला एका बिघाडाबद्दल विचारलं, तेव्हा मी हेच वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं. समोरच्या मॅनेजरने पेन खाली ठेवलं आणि हसून मान डोलावली. ती नोकरी मला मिळाली. आज जे काही आहे ते त्या वाक्यावर उभं आहे.

काही वर्षांनी मी घर घेतलं. मागे एक खोली आणि वॉशरूम नंतर वाढवलेली होती, आणि त्या भागाखाली दोन-अडीच फुटांची पोकळी होती. इथे तिला क्रॉल स्पेस म्हणतात; आत पोटावर सरपटत जावं लागतं. त्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच कॅनडाला आली. मागची खोली तिला दिली. सप्टेंबरात रविवारी घरभरणी ठरवली, ऑफिसच्या लोकांना बोलावलं, आणि त्याच आठवड्यात घरात कुबट वास सुटला. पोकळीचं झाकण उघडलं तर खाली घागरभर पाणी साचलेलं. एका कंपनीचा माणूस येऊन बाहेरची भिंत उकरावी लागेल म्हणून सांगून गेला. मी हादरलो. शुक्रवारी संध्याकाळी काकांना फोन केला.

"रविवारी सकाळी येतो की," ते म्हणाले.

"काका, रविवारी पाहुणे आहेत. आणि उद्या तुम्ही काम करत नाही."

त्यांनी किती वाजले ते विचारलं. मग म्हणाले, "बरं, निघतो."

आल्यावर त्यांनी घरातले सगळे नळ बंद करवले आणि पाण्याच्या मीटरचा काटा पाहिला. काटा हलत नव्हता. "पाइप फुटलेला नाही." मग बाहेरून फिरून भिंतीला हात लावला. आठवडाभर पाऊस नव्हता, माती कोरडी होती. "बाहेरूनही येत नाही. म्हणजे कोणीतरी आणून देतंय." सत्तरी ओलांडलेला तो माणूस टॉर्च दातांत धरून पोकळीत शिरला. मी ऑफिसच्या कपड्यांत झाकणापाशी उभा राहून फोनवर केटररशी बोलत होतो. आई मागे उभी राहून म्हणत होती, "अरे, म्हाताऱ्या माणसाला खाली काय घालतोस? तू उतर." मी उतरलो नाही.

काकांनी झाकणातून डोकं वर काढलं आणि ओला हात नाकाशी नेला. मग बोटांत काहीतरी धरून टॉर्चच्या उजेडात पाहिलं, आईकडे एक नजर टाकली आणि ते खिशात ठेवलं.

"काय सापडलं?"

"काडी आहे. बेसिनच्या गार पाइपाला घाम सुटतो रे, तोच ठिबकतोय." त्यांनी पाइपाला फोमची नळी चढवून दोरीने बांधली, वॉशरूमच्या जमिनीतली पाइपाजवळची फट बुजवली. मी केटररला पुन्हा फोन करून येईपर्यंत ते आईशी काहीतरी हळू बोलत होते. बाहेर सूर्य कधीच बुडाला होता. त्या शुक्रवारी काकूंचे दिवे लागले नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी काका कोट घालून आले. सोबत नारळाच्या दुधातला हलवा होता, स्वतः ढवळून केलेला. माझे मॅनेजर, तेच, पेन खाली ठेवणारे, त्यांच्याशी हात मिळवून माझ्याकडे वळले आणि विचारलं, हे कोण? काकांच्या कोटाची बाही विरलेली होती. हातात स्टीलचा डबा. मी म्हणालो, "अवर प्लंबर."

काका लगेच हसले. "येस, येस. व्हेरी गुड सर्व्हिस. ही कॉल्स, आय कम."

सगळे हसले, मीही हसलो. आईला इंग्रजी येत नाही, पण प्लंबर हा शब्द आमच्या गावातही आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पहिलं ताट वाढून काकांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, बसा. मी तुमच्याबरोबर जेवते."

त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत. रागावले नव्हते, फोन केला की "काय इंजिनियर, घर कोरडं ना?" एवढं विचारत. पुढच्या वर्षी मुलीकडे मिसिसागाला राहायला गेले. सामान बांधायला मी जायला हवं होतं. ऑफिसचं काम सांगितलं.

गेल्या महिन्यात आईला पुन्हा बोलवत होतो. ती टाळाटाळ करत होती. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडे मला मोकळं धुता येत नाही रे. फडक्याने पुसून स्वच्छ वाटत नाही."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. येताना तिने ट्रंकेतून खराटा आणला होता. रोज सकाळी मी कामाला गेलो की ती वॉशरूममध्ये साबणाच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतून जमीन घासायची, जन्मभर शाळा धुतली तशी. तिथे पाणी जायला वाटच नव्हती. ते पाइपाजवळच्या फटीतून खाली जायचं. "भाऊ म्हणाले, ताई, या देशात मोरी नसते, नुसतं पुसायचं. मी घाबरले. म्हणाले, काळजी करू नका, त्याला मी काही सांगणार नाही."

मी इंजिनियर. वीतभर पाइपाच्या घामाने घागर भरत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. पण मान खाली गेली ती त्याने नाही. आईची चूक माझ्या कानांवर घालू नये, मी तिला बोलेन, पाहुण्यांदेखतही बोलेन, असं त्या दोघांना वाटलं. आणि दोनच दिवसांनी मी काकांना जे म्हणालो, त्यावरून त्यांचं काही चुकलेलं नव्हतं.

परवा काकांना पत्र पाठवलं. ते असं :

"ती. काका, सा. न.

आईने सगळं सांगितलं. त्या दिवशी खाली मी उतरायला हवं होतं. आता उतरलो. कोपरं सोलली. तुम्ही फोमवर मारलेली दोरीची गाठ अजून घट्ट आहे.

वॉशरूमची जमीन उकरली आणि मोरी करून घेतली. इथला माणूस उतार कशाला म्हणून हसत होता. उतार मी स्वतः काढला. बादली ओतून पाहिली, सगळं पाणी मोरीतच जातं. पण तुम्ही टॉर्च मारून बघितल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

आई पुढच्या महिन्यात येते आहे. नवा खराटा आणायला मीच सांगितलं आहे. माझ्या मॅनेजरनाही बोलावलं आहे. मुलाखतीत मी म्हटलेलं ते वाक्य कोणाचं होतं, हे मला त्यांना तुमच्यासमोर सांगायचं आहे, आणि तुम्ही कोण हेही. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

मी गाडी घेऊन न्यायला येईन. रविवारी. शुक्रवारी पुन्हा कधी बोलावणार नाही.

तुमचा,
इंजिनियर"