अंगणातली मोटारसायकल

डोळे अधू झाल्यावर शेजारच्या काकांनी आपली मोटारसायकल एका शाळेसाठी दान केली. आमच्या पॉवरलूम कारखान्याचा वॉचमन नेपाळचा; शाळा त्याच्या गावची. तिथले लोक ती आपणच चालवत, आणि पावसाआधी तिच्यावर पत्रे चढवायचे होते. गाडी विकून पैसे पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून ती टेमघरला माझ्या अंगणात उभी राहिली.

काका रोज सकाळी फडकं घेऊन येत. ‘मी काय म्हणतो,’ एवढंच म्हणत आणि पुढे काही न बोलता गाडी पुसत बसत. गिऱ्हाईक आलं की मात्र तोंड सुटे. ‘हा गाडी दामटंल, सांभाळनार न्हाय,’ असं त्याच्या तोंडावर सांगत. गिऱ्हाईक निघून जाई. ड्युटीवर वॉचमन विचारी, ‘साब, गाडी बिका?’ उत्तर देऊन देऊन मी थकलो.

‘काका, पाऊस आला तर पोरं भिजतील हो,’ शेवटी मी म्हणालो. पुढचं गिऱ्हाईक म्हणून अंबाडी गावचा दूधवाला आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने चावी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं घेऊन आलेच. रिकाम्या जागेपाशी थोडं थांबले आणि माझी जुनी सायकल पुसायला बसले.

‘काका, ही विकायची नाही.’

‘म्हाईत हाय,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर पुसतोय.’