फूट म्हणजे काय रे, वाशा?

कारखान्यातले किस्से लिहून काढा, लिहून काढा म्हणून सुनेनं डोकं खाल्लंय. मला दुसरी कामं नाहीत? किस्से म्हणजे भुसा. रोज झाडा, रोज साचतो!

मी चौथीत शाळा सोडली. इंग्रजीचा एकच शब्द पक्का, फूट. म्हणजे पाऊल. मापाचा फूटही त्यातूनच निघाला म्हणे. त्याच शब्दानं आमची वाट लावली!

मुलुंडला आमचा सुतारकामाचा कारखाना होता. भागीदार दोघंच, मी आणि वासू परब. दोघंही मालवणकडचे, म्हणजे भांडण रोजचं.

*

घाटकोपरच्या एका साहेबांनी आम्हाला ज्ञान दिलं, "पूर्वी इंग्रजांचा कुणी राजा होता. त्याच्या पावलाएवढा एक फूट, असं म्हणतात."

वासू टेप गुंडाळत म्हणाला, "चपलेसकट की बिनचपलेचं, साहेब? शेल्फचा रेट बदलतो!"

*

नाहूरला वासू आणि वहिनी फ्लॅट बघायला गेले. मलाही ओढून नेलं. बिल्डरचा माणूस सारखा स्क्वेअर फूट, स्क्वेअर फूट करत होता.

वहिनींनी मला विचारलं, "भावोजी, म्हणजे काय हो?"

"चौकोनी पाऊल."

वहिनींनी खोली बघितली. "बरोबर! गोल पाऊल इथं मावायचंच नाही."

*

एकदा वासूच्या पायावर फळी पडली. डॉक्टरीणबाई नवीन, मराठी कच्चं. "काका, फूट दुखतो?"

"सगळेच दुखतात, बाई. पाच फूट चार इंच!"

*

आता मुद्द्याचं. वासू भांडुपच्या साईटवर, मी कारखान्यात लाकूड कापायला उभा. सकाळीच करवतीला धार कोण लावणार यावरून आमची जुंपली होती. मी फोन लावला.

"दाराची उंची?"

"सात."

मी मुद्दाम विचारलं, "सात काय?"

"फूट!" असा ओरडला, आणि फोन कट!

दार सात इंचाचं नसतं, हे मला कळत नाही होय? पण तो आवाज मापाचा नव्हता. हाकलायचा होता! मी रंधा पिशवीत टाकला आणि घरी गेलो.

संध्याकाळी दारात आला. "मेल्या, मी माप सांगितलं!"

"आधी माफी माग."

"मापाची कसली माफी?"

झालं. कारखान्यात जी फूट पडली, ती पडलीच. शटर खाली आलं. चहा मी अजून दोन कप करायला सांगतो आणि एक सुनेला परत नेऊन देतो. ते जाऊ द्या.

*

गेल्या रविवारी बागेत गेलो. बाकडं एकच रिकामं, तेही नावाला. मधोमध वासू बसलेला, मांडी ठोकून. माझे गुडघे बोंबलत होते. इतक्या वर्षांनी मीच तोंड उघडलं.

"वाशा, सरक."

त्यानं वर बघितलं. जरासा हसलासुद्धा.

"किती?"

"फूट!"

वासू उठला, पायात चपला सरकवल्या आणि सरळ गेटच्या बाहेर!

माझ्याकडे काय बघता? माफी अजून त्यानंच मागायची आहे. वासुदेव परबानं!