दादाच्या फेरीचा विमा

आमची गाडी दसऱ्याला घेतलेली, त्यामुळे तिचा विमाही दरवर्षी दसऱ्याच्या आसपास संपतो. बाबा जहाजावरची नोकरी पुरी करून कायमचे घरी आले, त्या वर्षीची ही गाडी. ती हौसेसाठी घेतली नव्हती, दादासाठी घेतली होती.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आता पन्नाशीला टेकलाय. तो बोलत नाही म्हटलं तरी चालेल. ‘आई’, ‘भात’ आणि ‘चल’ एवढे तीन शब्द त्याचे स्वच्छ आहेत. लहानपणी कुत्रं भुंकलं, पाहुणे आले, कुकरची शिट्टी झाली, की तो भिंतीवर कपाळ आपटायचा. मग आई त्याला घेऊन नाक्यावर जायची आणि येईल त्या एसटीत बसायची. एसटी हलली की हा शांत. कंडक्टर ओळखीचे झाले होते, कुठे जायचंय ते विचारायचेसुद्धा नाहीत.

गाडी आल्यावर फेरी सुरू झाली. दुपारचा चहा झाला की बाबा स्टिअरिंगवर, दादा शेजारी. आमचं घर रत्नागिरीकडून येताना पावसच्या अलीकडे. तिथून पूर्णगड, मग खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीच्या सुरूच्या बनापर्यंत, आणि परत. बनाशी गाडी वळली की दादा घशातून एक लांब हुंकार देतो. तो हुंकार आला की आईला घरी बसूनही कळतं, असं ती म्हणते. फेरी चुकली तर त्या रात्री घरात कोणी झोपत नाही.

गेल्या वर्षी गाडीची पुढची काच दोनदा फुटली. एकदा समोरून ढोलवाले आले होते, दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं. पहिली काच विम्यातून बदलून मिळाली. दुसऱ्यांदा रत्नागिरीच्या गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने तड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “काका, दगड बाहेरून लागतो. ही आतून गेलीय.”

“माझ्या मुलाचं डोकं लागलं,” बाबा म्हणाले. “तो आपटतो.”

सर्व्हेअरने फोटो काढले. तीही काच मंजूर झाली. पण या वर्षी नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा हप्ता जवळजवळ दुप्पट होता. आमचा एजंट बाबांचा शाळासोबती, वर्षानुवर्षांचा. त्याने मला चिपळूणला फोन केला.

“तुझ्या बाबांना सांगवत नाही म्हणून तुला सांगतो, बाय. ऑफिसने गाडीवर लाल शेरा मारलाय. मी भांडून बघितलं. तुम्ही दुसरी कंपनी बघा.”

“तुमचं कमिशन जाईल, काका.”

“जाऊ दे गो.”

मी चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. सासर तिथलंच. माहेरची ऑनलाइन कामं माझ्याकडे असतात. एका साइटवर गाडीचा नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. त्यातली एक मुलगी जरा धीराने बोलायची, म्हणून मी तिच्याशीच घासाघीस करत राहिले.

“मॅडम, दोन क्लेम झालेत. नो क्लेम बोनस झिरो झाला, त्याला मी काय करू?”

“अहो, बारा वर्षांची गाडी आहे. थोडं तरी कमी करा.”

“सिनियरना विचारते.” फोनवर गाणं वाजलं. परत आली तेव्हा तिने अगदीच थोडं कमी केलं होतं. मग म्हणाली, “गाडी रोज कुठे जाते? ऑफिसला?”

“नाही. फेरीला.”

“म्हणजे?”

“म्हणजे... फिरायला. आमच्या घरातल्या एकाला लागतं ते.”

मग तिने किलोमीटरवाली पॉलिसी सांगितली. वर्षाला साडेसात हजार किलोमीटरच्या आत राहिलात तर हप्ता खूप खाली येतो. मी लगेच हिशोब केला. फेरी होती तशी ठेवली तर बसत नव्हतं. पुलाच्या अलीकडून गाडी वळवली तर बसत होतं.

शनिवारी मी गावी गेले. ओटीवर बसून बाबांना सगळं समजावलं. बाबांनी चष्मा पुसला. “पूर्णगडला वळायचं म्हणतेस. समुद्र तर दिसतोच तिथून.”

आई आतून पोहे निवडत ऐकत होती. “त्याला कोण सांगणार?” ती म्हणाली.

“हळूहळू सवय होईल,” मी म्हटलं.

“पन्नास वर्षांत कसली झाली?”

बाबांच्या पेन्शनीत औषधं आणि गाडी दोन्ही ओढायची, म्हणून ते तयार झाले. रविवारी मी मागे बसले. पूर्णगड आलं, पूल समोर दिसू लागला. बाबांनी वेग कमी केला आणि गाडी डावीकडच्या रिकाम्या जागेत वळवली.

दादाने पुलाकडे पाहिलं. मग बाबांकडे. “चल,” तो म्हणाला.

“आज इथूनच हां, बाळा.”

“चल.”

“उद्या जाऊ पलीकडे.”

दादा ओरडला नाही. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि पुलाच्या दिशेला ओढलं. दादाच्या हातांत किती जोर आहे ते घरच्यांनाच माहीत. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली. वेग नव्हता म्हणून वाचलो. बंपर फाटला, डावा दिवा बाहेर लोंबायला लागला. बाबांचं मनगट स्टिअरिंगच्या दांडीत अडकून पिरगळलं होतं. ते मनगट छातीशी धरून त्यांनी आधी दादाच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळाला काही झालं नव्हतं.

मासे विकून परतणाऱ्या दोन बायका थांबल्या. त्यांतली एक काच वाजवून म्हणाली, “लागलं काय गो? ह्याला घरात ठेवायचा ना, रस्त्यावर कशाला काढता?” तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तिने मला तिच्याकडचं पाणीही दिलं.

मी म्हटलं, “बाबा, मी चालवते.” त्यांनी नकारार्थी मान हलवली. एका हाताने गाडी मागे घेतली आणि तशीच, दिवा लोंबत, पुलावर घातली. बनाशी वळलो. दादाने हुंकार दिला. बाबा तेव्हा रडत होते, पण रस्त्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

बाबांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. एजंटकाकांना कळवलं तर ते म्हणाले, “हा तिसरा क्लेम टाकलात तर पुढे कोणी दारात उभं करणार नाही.” म्हणून टाकला नाही. दिवा बदलला, बंपर तारेने बांधला.

मी रजा काढून राहिले. दुपारी चहा झाला की मी स्टिअरिंगवर बसायचे आणि आई दादाला घेऊन यायची. तो दार उघडायचा, मला तिथे बघायचा, दार हळूच लावायचा आणि गाडीशेजारी उभा राहायचा. मी उतरले तरी तसाच. बाबा प्लास्टर घेऊन मागे बसले, तरी नाही. आईने त्याला नाक्यावर नेऊन एसटीत बसवून पाहिलं. पण आता तो सहा फुटी माणूस आहे. पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हरनेच हात जोडून उतरायला सांगितलं. घरी येऊन दादाने कपाळ फोडून घेतलं. पुढचे दिवस तसेच गेले. आईने भिंतीला गोधड्या टांगल्या होत्या. त्याला धरून धरून माझे दंड काळेनिळे झाले. या सगळ्यात जुनी पॉलिसी कधी संपली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मी त्या मुलीला पुन्हा फोन लावला. आता मुदत उलटली होती, त्यामुळे आधी तपासणी. तिने व्हिडिओवर गाडी चारही बाजूंनी दाखवायला सांगितली. तार, फाटलेला बंपर, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली दारं, सगळं मी दाखवलं.

“मॅडम, हे सगळं आधीचं नुकसान म्हणून जाणार. त्याचं काही मिळणार नाही. किलोमीटरवालीच करायची ना?”

“नको. साधी द्या. कितीही फिरता येईल अशी.”

तिने रक्कम सांगितली. जुन्या कंपनीच्या नोटिशीपेक्षाही ती जास्त होती. माझ्यात घासाघीस करायचं त्राण नव्हतं, तरी सवयीने म्हटलं, “काही कमी?” तिने या वेळी सिनियरना विचारलंच नाही.

बाबा शेजारी बसून मनगट चोळत ऐकत होते. “एकदम तीन वर्षांची मिळते का विचार.”

मी विचारलं. जुन्या गाडीला एकाच वर्षाची, ती म्हणाली. मग पुढचे प्रश्न. गाडी मुख्यतः कोण चालवतं, वय काय, लायसन्स कधीपर्यंत आहे. लायसन्स पुढच्या वर्षापर्यंत आहे. शेवटी म्हणाली, “चालकाच्या अपघात विम्याला नॉमिनी? काकांना मुलगा असेल तर त्याचं टाकू?”

मी फोनवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं. ते अंगणात बघत होते. चहाची वेळ झाली होती आणि दादा केव्हाचा गाडीपाशी जाऊन उभा होता.

“तुझं टाक,” बाबा म्हणाले. मग दादाकडेच बघत, “तुझ्या सासरी सांगून ठेव.”

सासरी मी अजून काही बोललेले नाही. दोन खोल्यांच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही पाच माणसं राहतो.

बाबांचं मनगट आता पुरतं वळत नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढंच. वळणावर ते कोपराने स्टिअरिंग ढकलतात. मी दर रविवारी जाते. आधी मी स्टिअरिंगवर बसून बघते. दादा येतो, दार उघडतो, लावतो. बाबा म्हणतात, “पुढच्या वेळी बघू.” मी उतरून मागे बसते, ते पुढे बसतात, आणि आम्ही निघतो.