कॉम्प्रेसरच्या खोलीतले नाना

नाना कुणाच्याही समोर आले, की नमस्काराच्या आधी सांगायचे, "लाईन गप हाय." लाईन म्हणजे आमच्या कारखान्यातली दाबाच्या हवेची पाइपलाइन. ती गप आहे, म्हणजे हवा कुठून गळत नाही. बायकोची तब्येत कशी आहे असं विचारलं तरी नाना हेच उत्तर देतील, अशी आम्ही थट्टा करायचो. एकदा त्यांनी खरंच तसं उत्तर दिलं आणि आम्ही पोट धरून हसलो. त्यांना प्रश्नच ऐकू गेला नव्हता, हे पुढं कळलं.

चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यात मक्यापासून स्टार्च काढतात. मी देखभाल विभागात आहे, नाना हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या खोलीत होते. पाण्याचे असोत की वाफेचे, सगळे व्हॉल्व्ह त्यांच्या हवेवर चालायचे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक अ‍ॅक्च्युएटर असतो. त्यात हवा शिरली की तो व्हॉल्व्ह फिरवतो. त्या कॉम्प्रेसरच्या धडधडीत उभा जन्म काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होत असेल, हे तुम्हीच ओळखा. कानात घालायला बोळे मिळायचे. ते घातले तर गळती ऐकू येत नाही, म्हणून नाना ते खिशात ठेवून द्यायचे. या शहाणपणाचा मला आजही राग येतो.

तरुणपणी म्हणे ते शेडच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाची फुसफूस सांगायचे. मी लागलो तोवर त्यांच्या हातात दाढीचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याचा डबा आलेला होता. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला की नट आवळायचा. दरवर्षीच्या कानांच्या तपासणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगत. नाना यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या बोटांवर नजर ठेवून बटण दाबायचे आणि पास होऊन यायचे. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या पोटावर पाय कोण देणार?

गेल्या उन्हाळ्यात जुने अ‍ॅक्च्युएटर काढून नवे बसवायचं ठरलं. हवेचे घ्यायचे की विजेचे, हे सांगायला पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विजेचा अ‍ॅक्च्युएटर फिरेल तेवढीच वीज खातो. हवेच्या अ‍ॅक्च्युएटरसाठी कॉम्प्रेसर सतत चालू ठेवावा लागतो, आणि त्यातली बरीच हवा गळून जाते. विजेचे घेतले तर कॉम्प्रेसरची खोली बंद होणार, आणि खोली बंद झाली की कंत्राटावरचे नाना घरी. दुसऱ्या खात्यात जायचं तर नव्यानं तपासणी, तीही डॉक्टरांसमोर. त्यांच्या बायकोचं डायलिसिस कामगार विम्याच्या कार्डावर चालत होतं. नोकरी गेली की कार्ड जाणार, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती.

नानांनी मला कॅन्टीनच्या मागं गाठलं. "भाऊ, त्या बाईंना सांगा. लाईट गेली तर विजेचा व्हॉल्व्ह हाय तिथंच अडकून बसंल. हवेचा स्प्रिंगनं आपोआप बंद व्हतो. वाफेच्या लाईनवर एखादा भाजंल की."

मुद्दा खरा होता. मी तो बाईंना सांगितला. त्यांना तो माहीत होताच. वाफेच्या व्हॉल्व्हना बॅटरी देऊ, म्हणाल्या. पण त्या हटवादी नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना लाईनमध्ये हवा भरून ठेवू, गळती निघाली नाही तर हवेचेच घेऊ, असं त्यांनी कबूल केलं.

तेव्हापासून पाळी संपली तरी नाना शिडीवर दिसायचे. साबणानं बोटांना भेगा पडल्या होत्या. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

ठरलेल्या दिवशी सगळी यंत्रं थांबलेली होती. नाना बाईंच्या पुढं चालत एकेक जोड दाखवत होते. आम्ही स्टार्च वाळवणाऱ्या ड्रायरच्या मागं वळलो आणि वरून फुसकारा ऐकू आला. चांगला मोठा. बाई थांबल्या, मीही थांबलो. नाना नेमके त्या पाइपाखाली उभे राहिले, आमच्याकडं वळून हसले आणि म्हणाले, "बघा बाई, लाईन गप हाय."

नानांनी आधी बाईंचा चेहरा पाहिला, मग माझा. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"कुठं हाय, भाऊ?"

मी बोटानं वर दाखवलं. ते शिडी आणायला धावले, वर चढले, नट आवळला, आणि शिडीवरूनच आवाज थांबला का म्हणून मला विचारलं. थांबला, मी म्हणालो. बाई तोवर पुढं निघून गेल्या होत्या.

विजेचे अ‍ॅक्च्युएटर आले. ते बसवून झाल्यावर एका दुपारी मॅनेजरांनी येऊन कॉम्प्रेसर बंद केला आणि ते निघून गेले. नाना पाठमोरे, दाराला टांगलेला सदरा काढत होते. खोलीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. नाना माझ्याजवळ आले आणि मशीन चालू असल्यासारखे माझ्या कानाशी ओरडले, "भाऊ, कार्ड चालंल ना अजून? मंगळवारी तिला न्यायचं हाय."

मला माहीत नव्हतं. बाहेर हजेरीसाठी उभी असलेली सगळी पाळी आमच्याकडं वळून बघत होती.