कुमंजाईची कॅसेट

डॅफ्नीच्या कॅसेट कंपनीचं नाव होतं ‘कोरडी नदी’. ऑफिस म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावातल्या तिच्या घराची कपडे धुवायची खोली; भिंतींना गाद्या टेकवल्या की तोच स्टुडिओ. गायचा तिचा थोरला भाऊ. गाणी आपल्या आदिवासी भाषेतली, आपल्या पाणवठ्यांची, पण इलेक्ट्रिक गिटारवर. शेजारचं कुत्रं भुंकलं की आधी रेकॉर्डिंग थांबवत, पुढे कंटाळून तेही सोडलं. पहिल्या कॅसेटवर ते कुत्रं स्वच्छ ऐकू येतं.

तीन वर्षांत आणखी चार बँड आले, पण खपायचा तो भाऊच. फुटबॉलच्या सामन्यांना, पेट्रोल पंपांवर, वस्त्यांच्या दुकानांत, जिकडेतिकडे त्याचाच आवाज. डॅफ्नीने शाळेतलं साफसफाईचं काम सोडलं आणि जरा मिरवलं. का मिरवू नये?

मग एका सकाळी भाऊ उठलाच नाही.

आपल्यात रीत अशी की घरचे पुरे म्हणेपर्यंत गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचा आवाज ऐकायचा नाही. त्याच नावाचा एक गॅरेजवाला होता, तोही त्या दिवसापासून कुमंजाई झाला. ज्यांचं नाव घेता येत नाही त्या सगळ्यांना हेच म्हणायचं. अशात सिडनीच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला दोन हजार कॅसेटी हव्या होत्या. गायक गेला की खप वाढतो, असं तो अगदी सरळपणे म्हणाला. दुष्ट नव्हता, अडाणी होता.

भावाच्या बँडमधला ड्रमवाला रेक्स मात्र आपलाच. तो म्हणाला, “ताई, त्याच्याशिवाय आपलं काय खपतं?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही.”

अकरा दिवस गाडी हाकत तिने दुकानादुकानांतून भावाच्या कॅसेटी परत आणल्या आणि ट्रंकेत भरल्या. सहा महिन्यांत कंपनीला कुलूप लागलं. डॅफ्नी पुन्हा शाळेत फरशी पुसू लागली. भावाइतकंच कंपनीचंही दुःख होतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

नऊ वर्षांनी वहिनी दारात आली, अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन. “पुरे झालं आता,” ती म्हणाली. “पोरीला ऐकू दे.”

डॅफ्नीने ट्रंक उघडली. कॅसेट सुरू झाली, आधी कुत्रं भुंकलं. पोरगी हसली. मग आवाज आला, आणि गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

“आत्या, ह्यांचं नाव काय?”

डॅफ्नीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने होकारार्थी मान हलवली.

“क्लाइव्ह,” डॅफ्नी म्हणाली. “तुझा बाप, क्लाइव्ह.”